मॉड्युलर + लॅपटॉप: घरी बांधलेला मिडी-टू-सीव्ही वरच्या सप्तकात उतरतो, आणि गंधार लावायचा आहे

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. छोटा युरोरॅक (वायरींनी जोडायच्या मॉड्यूलचा सिंथेसायझर) आहे: दोन व्हीसीओ (व्होल्टेजवर सूर ठरणारे ऑसिलेटर), एक फिल्टर, दोन व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारे), दोन एन्व्हलप (स्वराचा चढ-उतार ठरवणारे). तो लॅपटॉपवरून, म्हणजे रीपर आणि प्युअर डेटा या संगीताच्या सॉफ्टवेअरमधून चालवायला झिरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या बोर्डवर) मिडी-टू-सीव्ही (मिडीच्या नोटांचं कंट्रोल व्होल्टेज, म्हणजे सीव्ही करणारा) बांधलाय. आर्डुइनो नॅनो (सीएच३४० वाला), त्याला एमसीपी४७२५ डॅकचं (आकड्याचं व्होल्टेज करणाऱ्या आयसीचं) तयार मॉड्यूल, पुढे टीएल०७२ चा साधा बफर, बफरच्या आउटपुटला १ के रेझिस्टन्स आणि मग जॅक. नॅनो आणि डॅक यूएसबीच्या ५ व्होल्टवर, ऑप-अँप रॅकच्या अधिक-उणे १२ वर. गेट (स्वर चालू-बंद करणारा सिग्नल) नॅनोच्या पिनवरून थेट.

अडचणी अशा. वर जाईल तसा सूर उतरत जातो, दर सप्तकाला साधारण १२ सेंट (सेंट म्हणजे बारा समान स्वरांतल्या एका स्वराचा शंभरावा भाग). गंमत म्हणजे वायर काढून नुसत्या जॅकवर मीटर लावला तर सप्तकाला बरोबर १ व्होल्ट येतो. दुसरं, गेटचा एलईडी लागला की सूर किंचित हलतो, ताणलेल्या स्वरात ते स्पष्ट कळतं. तिसरं, यूएसबी लावली की स्पीकरमध्ये बारीक चिरका आवाज सुरू होतो आणि लॅपटॉपचा चार्जर काढला की थांबतो. चौथं, नॅनो मिडी पोर्ट म्हणून दिसत नाही, मध्ये हेअरलेस हे सिरियलचं मिडी करणारं सॉफ्टवेअर चालवावं लागतं आणि अधूनमधून नोट अडकून बसते.

पुढे जायचं आहे ते तानपुऱ्यासोबत: एक व्हीसीओ षड्जावर, दुसऱ्यावर सुरावट. त्यासाठी बारा समान भागांतला गंधार चालणार नाही. १२ बिटच्या डॅकवर हे जमेल का, की सगळंच नव्याने करू?

अजिंक्यतारा (सातारा)

तुमचा १२ सेंट हा आकडाच दुखणं सांगतो. व्हीसीओचा सीव्ही इनपुट साधारण १०० के असतो. तुमचा १ के त्याच्याशी मिळून व्होल्टेज डिव्हायडर होतो: १०० भागिले १०१, म्हणजे ०.९९. दर व्होल्टमागे जवळपास १० मिलिव्होल्ट गळतात. एका सप्तकाला १ व्होल्ट, म्हणून एक सेंट म्हणजे ०.८३३ मिलिव्होल्ट, १० मिलिव्होल्टचे झाले १२ सेंट. जॅक मोकळा असताना मीटरचा इनपुट १० मेगओहम, त्यामुळे तिथे काहीच गळत नाही आणि सगळं बरोबर दिसतं. खात्री करायची तर वायर लावलेली असतानाच मोजा.

हे कोडमध्ये एक टक्का वाढवून दुरुस्त करू नका. उद्या तोच सीव्ही मल्टमधून (एक सिग्नल अनेकांना वाटणाऱ्या मॉड्यूलमधून) दोन्ही व्हीसीओंना दिलात की लोड ५० केचा होईल, गळती दुप्पट होईल आणि हिशोब पुन्हा चुकेल. १ के हवाच, कारण पॅचिंग करताना जॅक क्षणभर शॉर्ट होतो आणि ऑप-अँपला आधार लागतो. पण तो फीडबॅकच्या आत घ्या. म्हणजे ऑप-अँपचा आउटपुट, मग १ के, मग जॅक. आणि फीडबॅकची तार जॅकच्या बाजूने घेऊन निगेटिव्ह इनपुटला. मग ऑप-अँप स्वतःच १ केवर पडणारं व्होल्टेज भरून काढतो. असं केल्यावर लांब वायरच्या कपॅसिटन्समुळे ऑप-अँप ऑसिलेट होऊ शकतो, म्हणून थेट आउटपुट पिन आणि निगेटिव्ह इनपुट यांच्यामध्ये १०० पीएफ टाकायचा. तुमच्या नुसत्या बफरमध्ये फीडबॅकला रेझिस्टन्सच नाही. तिथे २२ के घाला, नाहीतर तो १०० पीएफ काही कामाचा नाही.

एलईडीचं कारण वेगळं. एमसीपी४७२५ ला स्वतःचा रेफरन्स नसतो, जो सप्लाय तोच रेफरन्स. नॅनोवर यूएसबीच्या वाटेत शॉटकी डायोड असतो, म्हणून ५ च्या जागी ४.६-४.७ मिळतात, आणि करंट वाढला की तेही खाली सरकतात. सप्लाय १० मिलिव्होल्ट हलला तर ४ व्होल्टच्या स्वरावर साडेआठ मिलिव्होल्टचा फरक, म्हणजे १० सेंट. हे कपॅसिटर वाढवून जाणार नाही. डॅक बदला.

एमसीपी४८२२ घ्या. आठ पायांची साधी डिप आयसी, दोन चॅनल, १२ बिट, आत २.०४८ व्होल्टचा रेफरन्स. गेन दुप्पट ठेवला की ४.०९६ व्होल्टपर्यंत जाते, म्हणजे एका पायरीला बरोबर १ मिलिव्होल्ट. तुमचे दोन व्हीसीओ एकाच आयसीत भागतात.

नॅनोही बदलावा लागेल. त्यातल्या एटीमेगा३२८ ला यूएसबी येतच नाही, सीएच३४० फक्त सिरियल देतो. प्रो मायक्रो (एटीमेगा३२यू४, ५ व्होल्ट, १६ मेगाहर्ट्झ) घ्या. मिडीयूएसबी लायब्ररी टाकली की तो थेट मिडी उपकरण म्हणून दिसतो, हेअरलेसची गरज उरत नाही.

कुपवाड_बेंच (सांगली)

वरच्या रचनेत थोडी भर, कारण हेच सर्किट झिरो पीसीबीवर बांधताना ठरावीक जागी चुका होतात.

आधी पाय. एमसीपी४८२२ चा १ सप्लाय, २ चिप सिलेक्ट, ३ क्लॉक, ४ डेटा, ५ एलडॅक, ६ चॅनल बी, ७ ग्राउंड, ८ चॅनल ए. एलडॅक सरळ ग्राउंडला. चिप सिलेक्टला १० के लावून ५ व्होल्टला ओढून ठेवा, नाहीतर प्रो मायक्रो सुरू होताना डॅकला कचरा जातो आणि व्हीसीओ किंचाळतो. प्रो मायक्रोवर क्लॉक १५ वर, डेटा १६ वर. चिप सिलेक्टला १० नंबरची पिन चालेल. लिओनार्डो घेतलात तर लक्षात ठेवा, त्यावर एसपीआय (डॅकला आकडा पाठवणाऱ्या या क्लॉक-डेटाच्या लाइन) फक्त मधल्या सहा पिनांच्या हेडरवर येतं, ११-१२-१३ वर नाही. निम्मे लोक तिथेच अडकतात.

डॅकला १६ बिटचा शब्द जातो. वरचे चार बिट हुकूम, खालचे बारा आकडा. चॅनल ए, दुप्पट गेन, चालू: ०००१. चॅनल बी: १००१. तिसरा बिट चुकून १ ठेवलात तर गेन एकपट होतो आणि सगळं निम्म्यावर येतं. 'सप्तकाला अर्धाच व्होल्ट येतोय' असं झालं तर आधी हा बिट बघा.

डॅकला यूएसबीचे ५ व्होल्ट देऊ नका. रॅकच्या १२ वरून ७८एल०५ लावा. डॅक जेमतेम १ मिलिअँपिअर घेतो, तो गरमही होणार नाही. मात्र रॅक बंद आणि यूएसबी चालू असं झालं की प्रो मायक्रोच्या पिनांमधून डॅकला चोरवाटेने करंट जातो. म्हणून क्लॉक, डेटा, चिप सिलेक्ट तिन्हींत १ के घाला आणि एसपीआयचा वेग १ मेगाहर्ट्झच ठेवा, या कामाला तो भरपूर झाला.

आता गेन. ४.०९६ चे ५ व्होल्ट करायला १.२२ पट लागतं. डॅक ऑप-अँपच्या पॉझिटिव्ह इनपुटला. निगेटिव्हपासून ग्राउंडला १०० के. फीडबॅकमध्ये १८ के आणि त्याला जोडून १० केचा मल्टीटर्न प्रीसेट (स्क्रूने फिरवून बदलायचा रेझिस्टन्स). डॅकचा रेफरन्स दोन टक्के इकडे-तिकडे असू शकतो, तो या प्रीसेटच्या टप्प्यात बसतो. रेझिस्टन्स मेटल फिल्म, एक टक्केवाले. कार्बनचे घेऊ नका, ते तापमानाबरोबर फिरतात आणि सूर त्यांच्या मागे फिरतो. प्रत्येक आयसीच्या सप्लायच्या पायाला टेकून १०४ चा डिस्क कपॅसिटर, पॉवर हेडरपाशी दोन्ही बाजूंना १० मायक्रोफॅरड, आणि उलट्या केबलपासून बचावाला १एन५८१७ मालिकेत. केबलची लाल पट्टी उणे १२ कडे. डायोड लावला असला तरी दरवेळी बघूनच खोचा.

लावून झालं की वीस-तीस मिनिटं रॅक चालू ठेवा आणि मग कॅलिब्रेट करा. आकडा ४०० पाठवा, व्होल्टेज लिहून घ्या. ३६७९ पाठवा, लिहून घ्या. दोन्हींतला फरक ४.००० व्होल्ट येईपर्यंत प्रीसेट फिरवायचा. असं झालं की एका सप्तकाला ८१९.७५ पायऱ्या, एका स्वराला ६८.३१. अगदी शून्यापासून सुरू करू नका, तिथे डॅक पूर्ण खाली जात नाही. सर्वांत खालचा स्वर ८२ वर धरा, तिथून ५८ स्वर वर गेलात तरी ४०४४ पर्यंतच पोहोचता.

मीटरबद्दल: साधा २००० काउंटचा मीटर २० व्होल्टच्या रेंजला १० मिलिव्होल्टची पायरी दाखवतो, म्हणजे १२ सेंट. त्यावर हे काम होणार नाही. ६००० काउंटचा मीटर ६ व्होल्टच्या रेंजमध्ये १ मिलिव्होल्ट दाखवतो, तो कुणाकडून तरी आणा. औद्योगिक वसाहतीत पॅनल दुरुस्त करणाऱ्यांकडे हमखास असतो. टीएल०७२ आणि प्रीसेट सांगलीत मिळतील, एमसीपी४८२२ मात्र ऑनलाइन किंवा पुण्यात बुधवार पेठेत बघावी लागेल.

कृष्णाकाठ (सांगली)

जुन्याच बोर्डवर वायर लावून मोजलं. मोकळ्या जॅकवर १.०००, २.०००, ३.००१, ४.०००. एका व्हीसीओला जोडून ०.९९०, १.९८०, २.९७१, ३.९६०. मल्टमधून दोघांना दिल्यावर वरचा आकडा ३.९२२. अजिंक्यतारा, तुमचा हिशोब तंतोतंत जुळला.

फीडबॅक १ केच्या पलीकडून घेतला, त्यात २२ के आणि वर १०० पीएफ टाकला. आता लोड असो-नसो, ४.००० च राहतात. प्रो मायक्रो आणि एमसीपी४८२२ मागवलेत. चिरक्या आवाजाचं मात्र काय करू? घरात अर्थिंग आहे, प्लग तीन पिनांचा आहे.

कराड_संगम (कराड)

हा ग्राउंड लूप आहे. लॅपटॉपपासून यूएसबीने रॅकच्या ग्राउंडला, रॅकपासून ऑडिओ वायरने साउंडकार्डला किंवा मिक्सरला, तिथून परत लॅपटॉपला किंवा अर्थला. चार्जरच्या एसएमपीएसचा गोंगाट या कड्यातून फिरतो आणि ऑडिओच्या ग्राउंडवर चढतो. चार्जर काढल्यावर थांबतो म्हणजे निदान पक्कं.

इलाज दोन, आणि दोन्ही स्वस्त आहेत. पहिला: यूएसबी आयसोलेटर. एडीयूएम३१६० किंवा ४१६० वरचं तयार मॉड्यूल मिळतं, ते लॅपटॉप आणि प्रो मायक्रो यांच्यामध्ये. त्यावर वेगाचा जंपर किंवा स्विच असेल तर तो फुल स्पीड, १२ मेगाबिटवर ठेवा. लो स्पीडवर राहिला तर प्रो मायक्रो दिसणारच नाही. प्रो मायक्रोचं ग्राउंड रॅकच्या ग्राउंडला जोडलेलंच राहू द्या, तोडायचं आहे ते लॅपटॉपच्या बाजूचं.

दुसरा: रॅकच्या ऑडिओ आउटपुटला ६००:६०० चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. याने कडं दुसऱ्या टोकाला तुटतं. पण हलक्या ट्रान्सफॉर्मरमध्ये खर्ज पातळ होतो, आणि तुम्हाला तर षड्जाचा ड्रोन हवाय. म्हणून मी आयसोलेटरच घेईन.

तिसरी वाट जुनी आहे: यूएसबी सोडून पाच पिनांची मिडी. १९८३ च्या मूळ मिडीतच इनपुटला ऑप्टोकपलर ठरवून दिलाय, तो याच त्रासासाठी. ६एन१३८ लावा, त्याच्या ७ नंबरच्या पायापासून ग्राउंडला ४.७ के द्यायला विसरू नका, नाहीतर तो सावकाश बंद होतो आणि ३१२५० च्या वेगाला नोटा गळतात. ऑप्टोमधून आलेलं प्रो मायक्रोच्या आरएक्सला.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: चार्जरच्या किंवा रॅकच्या प्लगची अर्थ पिन काढून आवाज घालवू नका. आवाज जातो हे खरं, पण सप्लायमध्ये काही बिघडलं तर तो करंट तुमच्या हातातून आणि जॅकच्या धातूतून वाट काढेल.

आणि लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवणार असाल तर तो साइन वेव्हचा आहे का बघा. स्क्वेअर वेव्हवाल्यावर ऑडिओत जी घरघर येते ती या आयसोलेटरने जात नाही.

जवारी (मिरज)

गंधाराचं बोलू. जमेल, आणि १२ बिटच्या मानाने बरंच चांगलं जमेल. सॉफ्टवेअरमध्ये 'बारा समान स्वर' अशी समजूत घालू नका, एवढंच.

तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेत पाचवा हार्मोनिक स्पष्ट ऐकू येतो, तोच स्वयंभू गंधार. षड्जापासून त्याचं प्रमाण ५:४, म्हणजे ३८६.३ सेंट. कीबोर्डचा गंधार ४०० वर असतो. फरक १३.७ सेंट, तुमच्या भाषेत ११.४ मिलिव्होल्ट कमी. तेवढा कमी करा आणि तानपुऱ्याशी लावून बघा, ठोके थांबतात.

बाकीचे, समान स्वरांच्या तुलनेत किती हलवायचे ते: शुद्ध रिषभ (९:८) ३.३ मिलिव्होल्ट वर. मध्यम (४:३) १.६ खाली. पंचम (३:२) १.६ वर. निषाद (१५:८) ९.८ खाली. कोमल रिषभ (१६:१५) ९.८ वर, कोमल गंधार (६:५) १३ वर, तीव्र मध्यम (४५:३२) ८.१ खाली, कोमल धैवत (८:५) ११.४ वर. धैवत आणि कोमल निषाद यांचा निर्णय रागावर. धैवत ५:३ घेतला तर १३ खाली, २७:१६ घेतला तर ४.९ वर, दोन्हींत साडेएकवीस सेंटचं अंतर आहे आणि ते कुणालाही ऐकू येतं. कोमल निषाद १६:९ चा ३.३ खाली, ९:५ चा १४.७ वर. म्हणून कोडमध्ये एकच पट्टी गोठवू नका. रागाप्रमाणे चार-पाच तक्ते ठेवा आणि प्रोग्राम चेंजने बदला.

कोड असा विचार करून लिहा: आलेल्या नोटेतून षड्जाची नोट वजा करा, सप्तक आणि स्वर वेगळे काढा, तक्त्यातून त्या स्वराचे सेंट घ्या, सप्तकाचे १२०० मिळवा, सगळ्याला ०.६८३१ ने गुणा, शेवटी षड्जाच्या नोटेचा स्वतःचा आकडा मिळवा. पूर्णांक करायचा तो अगदी शेवटी, एकदाच. मध्येच केलात तर चुका साठत जातात. षड्जाची नोट एका कंट्रोलरवर ठेवा. काळी एकवरून पांढरी चारला जायचं तर दुसरं काही बदलावं लागू नये.

आता १२ बिटची मर्यादा. एका पायरीला १.४६ सेंट, म्हणजे जास्तीत जास्त चूक ०.७३ सेंट. सुरावटीला हे पुरेसं आहे. पण लांब धरलेल्या पंचमात ही चूक ठोक्याच्या रूपाने कळते. षड्ज २२० हर्ट्झचा असेल तर त्याचा तिसरा आणि पंचमाचा दुसरा हार्मोनिक दोन्ही ६६० वर भेटतात, तिथे ०.७३ सेंटची चूक साधारण साडेतीन सेकंदांत एक हेलकावा देते. मिरजेत सुताचा धागा सरकवून जवारी लावणारा कान याला 'लागलं' म्हणणार नाही. ड्रोनच्या स्वरांसाठी सोपी युक्ती: धरून ठेवायचा पंचम डॅकवर न सोडता व्हीसीओच्या फाइन ट्यूनने लावा. नाहीतर १६ बिटचा डॅक, उदाहरणार्थ डीएसी८५६२: दोन चॅनल, आत २.५ व्होल्टचा रेफरन्स, पायरी ०.०९ सेंटची. पण त्याचे पाय अर्ध्या मिलिमीटरवर आहेत, झिरो पीसीबीवर बसत नाही, अडॅप्टर लागेल.

मींडही सोपी होते, कारण इथे व्होल्टेज सरळ रेषेत वाढवलं की सूरही समान गतीने चढतो. दर मिलिसेकंदाला एक आकडा पाठवा. पायऱ्या ऐकू येऊ नयेत म्हणून डॅक आणि ऑप-अँपच्या मध्ये १० के आणि १०० नॅनोफॅरडचा फिल्टर. यापेक्षा मोठा कपॅसिटर नको: एवढ्याच कपॅसिटरला दोन सप्तकांची उडी एका सेंटच्या आत स्थिरावायला ८ मिलिसेकंद लागतात. दहापट केलात तर प्रत्येक स्वर घसरत येईल. दरबारीच्या आंदोलित कोमल गंधाराला पिच बेंड वापरा. त्याचा मध्य ८१९२ असतो, शून्य नव्हे.

एवढं करूनही व्हीसीओच ट्रॅक करत नसेल तर उपयोग नाही. त्याच्या एक्स्पोनेन्शियल भागातल्या ट्रान्झिस्टरचं प्रमाण तापमानावर अवलंबून असतं, दर अंशाला एक तृतीयांश टक्का. भरपाईचा टेम्पको (तापमानाबरोबर बदलणारा रेझिस्टन्स) नसेल तर मूळ स्वरापासून एक सप्तक दूर असलेला स्वर एका अंशाला ४ सेंट हलतो. एप्रिलच्या दुपारी लावलेला गंधार रात्री तो राहणार नाही. रॅकवर पंख्याचा झोत येऊ देऊ नका, आणि वाजवण्याआधी अर्धा तास रॅक चालू ठेवा.

निळा_पॅचकॉर्ड (सातारा)

मला वाटतं दोन चॅनलपुरतं ठीक आहे, पण पुढे आठ-दहा सीव्ही हवे झाले तर डीसी-कपल्ड साउंडकार्डकडे जा. एक्स्पर्ट स्लीपर्सचं ईएस-८ रॅकमध्येच बसतं, आठ आउटपुट देतं, आणि व्हीसीव्ही रॅक या सॉफ्टवेअरमधून थेट सीव्ही पाठवता येतो. एन्व्हलप, एलएफओ (संथ ऑसिलेटर) सगळं ऑडिओच्या वेगाने. साध्या साउंडकार्डवर हे होत नाही, कारण आउटपुटला मालिकेत कपॅसिटर असतो आणि स्थिर व्होल्टेज तो अडवतो. आपलं कार्ड कसलं आहे बघायचं तर प्युअर डेटातून स्थिर ०.५ पाठवा आणि मीटर लावा. आकडा टिकला तर डीसी-कपल्ड. चढून हळूहळू शून्यावर आला तर नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

ते खरं आहे, पण कार्डलाही सप्तकाचा व्होल्ट शिकवावाच लागतो, कॅलिब्रेशन सुटत नाही. शिवाय त्या एका कार्डाच्या खर्चात असे कित्येक बोर्ड होतात.

कुणी रास्पबेरी पाय पिको वापरायच्या विचारात असेल तर सांभाळा. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या. एमसीपी४८२२ ला ४.०९६ व्होल्ट काढायचे तर ५ चा सप्लाय हवा, आणि ५ च्या सप्लायला ती ३.५ च्या खालचं 'हाय' मानायला बांधील नाही. टेबलावर चालतं, मग एखाद्या दिवशी नोटा उड्या मारायला लागतात आणि कारण सापडत नाही. मध्ये ७४एचसीटी१२५ टाका. एचसीटीच, नुसती एचसी नको, तिलाही तेच ३.५ लागतात.

कृष्णाकाठ (सांगली)

पार्ट आले, नवा बोर्ड बांधला. ४०० आणि ३६७९ मधला फरक ४.००० वर आणला. एलईडीने सूर हलणं थांबलं, आयसोलेटरने चिरका आवाज पूर्ण गेला. ११.४ मिलिव्होल्ट उतरवलेला गंधार तानपुऱ्याच्या गंधारात मिसळून जातो, वेगळा ऐकूच येत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. मधल्या सप्तकात सगळे स्वर ३ मिलिव्होल्टने वर येतात, दोन्ही टोकं बरोबर असताना. आणि प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला क्षणभर आधीचा स्वर ऐकू येतो. क्लॉकही काढायचं आहे, ते कसं?

कुपवाड_बेंच (सांगली)

मधला फुगवटा डॅकचाच. एमसीपी४८२२ ची रेषा पूर्ण सरळ नसते. डेटाशीटप्रमाणे सहसा २ पायऱ्यांचा, पण जास्तीत जास्त १२ पायऱ्यांपर्यंत बाक असू शकतो. तुमचा अडीच पायऱ्यांचा आहे, म्हणजे आयसी चांगली निघाली. प्रीसेटला आता हात लावू नका. दर अर्ध्या सप्तकाला एक अशा दहा-अकरा जागी मोजा, फरक तक्त्यात लिहा आणि मधल्या आकड्यांना सरळ रेषेने वाटून द्या. दोन्ही चॅनलचे तक्ते वेगळे.

आधीचा स्वर ऐकू येतो कारण गेट डॅकच्या आधी किंवा बरोबरीने जातंय, आणि आता फिल्टरही आहे. क्रम असा ठेवा: आधी डॅकला आकडा, मग ५ मिलिसेकंद थांबून गेट. थांबायला डिले वापरू नका, तेवढ्या वेळात येणारी मिडी खोळंबते. वेळ नोंदवून ठेवा आणि लूपमध्ये तपासा. तोच स्वर पुन्हा वाजवायचा असेल तर गेट आधी २-३ मिलिसेकंद खाली आणा, नाहीतर एन्व्हलपला कळणारच नाही. नोट अडकण्याचं बघताना हेही पाहा की वेलॉसिटी शून्य असलेलं नोट-ऑन हे नोट-ऑफ धरलंय का. बरीच सॉफ्टवेअर तसंच पाठवतात.

गेट पिनवरून थेट देऊ नका. चुकून त्या जॅकमध्ये दुसऱ्या मॉड्यूलचा १२ व्होल्ट गेला तर प्रो मायक्रो गेला. मध्ये ७४एचसी१४ घ्या, आयसी बेसवर, सप्लाय ७८एल०५ वरूनच, आउटपुटला १ के. गेली तर काढून दुसरी बसवायची. ती उलटवते, तेव्हा कोडमध्ये आधीच उलटं लिहा. सहा लाइन मिळतात.

क्लॉक: मिडी एका बीटला २४ टिक पाठवते. सहाने भागलं की बीटचे चार भाग. प्रत्येक पल्स निदान ५ मिलिसेकंदांचा ठेवा. स्टार्टचा संदेश आला की मोजणी शून्यावर आणा, नाहीतर पहिली मात्रा चुकते.

एका मात्रेला एक बीट धरून उरलेल्या लाइनवर समेचा पल्स काढून ठेवा, सिक्वेन्सरच्या रीसेटला तो फार उपयोगी पडतो. तीनतालाला ३८४ टिक, झपतालाला २४०, रूपकला १६८.

प्रो मायक्रोचं यूएसबी सॉकेट नुसत्या सोल्डरवर तग धरत नाही. पॅनल बसवायच्या आधी त्याच्या चारही बाजूंनी अराल्डाइट भरा, आणि अपलोड करताना बोर्ड ५ व्होल्ट, १६ मेगाहर्ट्झचाच निवडा. ३.३ चा निवडला गेला तर पोर्ट गायब होतो. रीसेट पटकन दोनदा ग्राउंडला टेकवलं की आठ सेकंद परत दिसतो, तेवढ्यात बरोबर अपलोड करायचं.

कृष्णाकाठ (सांगली)

क्रम बदलला, आधीचा स्वर ऐकू येणं बंद झालं. आज अराल्डाइट भरून ठेवतोय. पॅनल ६ एचपीचा (एचपी हे युरोरॅकच्या रुंदीचं माप) धरलाय, दोन मिलिमीटर ॲल्युमिनियम, १२८.५ बाय ३० मिलिमीटर, उद्या कुपवाडला लेझरवाल्याकडे टाकतो. स्क्रूची भोकं वर-खाली ३ मिलिमीटरवर धरली आहेत, म्हणजे मध्ये १२२.५ अंतर. बरोबर ना?

कुपवाड_बेंच (सांगली)

बरोबर. डावीकडून ७.५ मिलिमीटर, भोक ३.२ चं. जॅकच्या भोकांना ६ ऐवजी ६.२ सांगा.